देवमनची माय

८ जानेवारी

ही डायरी गोळ्यांच्या कंपनीची आहे. दर पानाच्या खाली एका गोळीचं नाव. आजच्या पानावर पोट साफ व्हाची गोळी आहे. माहा पोरगा नितेश औषधाच्या कंपनीत फिरतीवर असते. अकोला, दर्यापूर, परतवाडा करते आन दिवे लागल्यावर घरी येते. अशा डायऱ्या त्याच्यापाशी ढीगभर. सून पौर्णिमा शाळेत शिकवते. तिनंच ही मले देली. म्हणे, "आई, तुमी एकट्या भिंतीशी बोलता, त्यापेक्षा लिहीत जा." मी म्हटलं, "काहून? भिंतीनं तक्रार केली का?" ती हासली नाही. या घरात कोणाले हासाची फुरसत नाही.

चवथी शिकली मी. अक्षर वाकडं येते, पण वाचाले मीच आहे.

दिवाळीच्या आधी गावी पडवीत माहा पाय घसरला. आमचं गाव बार्शीटाकळीच्या अंगाले. हाड मोडलं नाही, पण नित्या भेला आन मले अमरावतीले उचलून घेऊन आला. बडनेरा रोडवर बिल्डिंग आहे, आमी चौथ्या माळ्यावर. दारावर पाटी आहे: नितेश सूर्यभान गावंडे. त्याच्या खाली पौर्णिमा नितेश गावंडे. मालक मेले ते पाटीवर आहेत. मी जिती आन कोठीच नाही.

११ जानेवारी

आज समोरच्या दाराची घंटी वाजवली. साखळी लावून दार बोटभर उघडलं. एक डोळा देसला.

"काय पाहिजे?"

मी म्हटलं, "काही नाही पाहिजे."

"मग?"

आता याचं उत्तर काय सांगाव? गावात मी कोणाच्याही चुलीपाशी जाऊन बसत होती, तूर निवडू लागत होती. काय पाहिजे असं कोणी इचारलं नाही. काही पाहिजे असतं त मी दुकानात नसती गेली का? डोळा बंद झाला. दारही.

दिवसभर टीव्ही पाहिला. त्यात एक सासू सुनेले जहर देत होती. तिची सून तिच्यासंगं घरात तरी होती.

१३ जानेवारी

खाली गेली. लिफ्टमधी जीव गुदमरते, म्हणून मागच्या जिन्यानं गेली. नित्या आन पौर्णिमा दोघंही कामाले गेल्यावर गेली. नित्या म्हणते जिना चढू नोको. त्याले सांगाची गरज नाही.

गेटपाशी वॉचमन असते, देवमन. भातकुलीकडचा आहे, बडनेऱ्याले खोली करून राहते. चाळिशीचा, बारीक, मिशा मोठ्या. एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची मोकळी होती. मी बसली. तो उभा राहिला.

"काकी, तुमी चारशे दोनच्या ना? साहेबाच्या आई?"

"हाव."

"इथं बसता?"

"काहून, खुर्ची मोडंल का?"

"मोडलेलीच आहे," तो म्हणे. बरा वाटला माणूस.

गेटवरून सगळं देसते. ऑटो, शाळेचे पोट्टे, संत्र्याची गाडी, भांडणं. गावी ओट्यावर बसली का असंच देसत होतं. शेजारी सईदाचं फॉल-पिकोचं दुकान आहे. पातळाले फॉल लावते आन तोंडानं दुनियेची खबर देते. मले खाला म्हणते, म्हणजे मावशी. म्हणे, "खाला, पाच बरस से इधर बैठी हूँ, चौथे माले से कोई पैदल नीचे नहीं आया." मी म्हटलं, "मी आली ना आता."

१७ जानेवारी

बिल्डिंगीत हळदीकुंकू झालं. पौर्णिमा नटूनथटून गेली, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा घेऊन आली. मले बोलावाचा प्रश्न नाही, मालक गेले. मले त्याचं काही वाटत नाही. डबा मात्र हलका आहे, झाकण बसत नाही.

दुपारी खालीच होती. देवमनच्या वर्दीची एक गुंडी लोंबत होती. सईदाकडून सुई-दोरा घेतला आन त्याच्या अंगावरच टाचून देली. तो म्हणे, "काकी, कोणी पाह्यलं त?" मी म्हटलं, "गुंडी आहे, चोरी नाही. हालू नोको, टोचंल." मंग दोघांनी माही भाकर आन त्याच्या डब्यातली बेसनाची भाजी खाल्ली. त्याच्या बायकोच्या हातात मीठ चांगलं आहे. माह्या सुनेले अजून मिठाचा अंदाज नाही, पण तिले कोण सांगाव.

२१ जानेवारी

आज एक गोष्ट झाली. लिहू का नोको असं झालं. लिहिते.

तिसऱ्या माळ्यावरची सोनटक्केबाई बाजारातून आली. हातात दोन पिशव्या, घामाघूम. माह्यापुढे थांबली आन म्हणे, "मावशी, तुम्ही देवमनच्या आई ना? परवा गुंडी लावून देत होत्या, मी गॅलरीतून पाहिलं. किती छान वाटलं."

माह्या तोंडात सुपारी होती. नाही म्हणाव त थुंकाव लागते. थुंकाले जागा पाहत होती तोवर ती बाई सईदाच्या दुकानातलं स्टूल ओढून माह्यापाशी बसली. बसली! पिशव्या खाली ठेवल्या आन बोलाले लागली. सासूचे गुडघे, नवऱ्याची बदली, पोराचं गणित. नणंद आली का आठ-आठ दिवस जात नाही. मी म्हटलं, "तिच्या हातात झाडू दे, चौथ्या दिवशी जाईल." एवढी हासली का तिच्या पिशवीतले टमाटर घरंगळले.

दिवाळीपासून माह्यापाशी कोणी असं बसलं नव्हतं. सुपारी मी गिळून टाकली.

ती गेल्यावर देवमन म्हणे, "काकी, तुमी सांगतलं नाही तिले?"

"सांगू ना उद्या. पळून चालली का मी?"

२४ जानेवारी

नाही सांगतलं. आज सोनटक्केबाईनं आपल्या शेजारणीले आणलं. तिले पाचवा महिना आहे, माहेर लांब नांदेडकडे. तिनं इचारलं, पोटात ढवळते त काय खाऊ. आता चौथ्या माळ्यावरच्या साहेबाच्या आईले असं गेटवर कोणी इचारलं असतं का? त्या दाराच्या फटीतूनच पाहत राहिल्या असत्या.

मी जल्मभर कोणाची ना कोणाची होती. पुंजाजीची पोट्टी, सूर्यभानची बायको, नित्याची माय. यातलं एकही नाव कोणी मले इचारून ठेवलं नव्हतं. ही एक देवमनची माय मी आपल्या मनानं झाली. कोणाचं काय जाते?

३० जानेवारी

सोनटक्केबाईनं जुनं पातळ देलं. निळं, काठ अजून चांगले. मले क्षणभर राग आला. आमच्या घरी मीच शेतातल्या सालदाराच्या बायकोले पातळ देत होती. पण तिचा हात पुढे होता आन तोंड चांगलं होतं. घेतलं. कालची वांग्याची भाजीही देली. तेल जास्त, पण वांगं गावरान.

पौर्णिमेनं दोरीवर पातळ पाहिलं. "आई, हे कोठून आलं?"

"सईदाच्या दुकानात पडून होतं."

"मी पाहिलं आहे हे कोणाच्या तरी अंगावर."

"पाहिलं असंल. दुकानात एकासारखे शंभर असतात."

तिनं पातळाची घडी नीट करून ठेवली. तिची एवढी नीट घडी मी पहिल्यांदा पाहिली.

६ फेब्रुवारी

देवमन आजकाल घुम्यावानी राहते. मी बसली का तो गेटच्या त्या टोकाले जाते. सेक्रेटरी किशोरभाऊची गाडी आली का मले म्हणते, "काकी, जरा जिन्यात व्हा." काहून? मी काय त्याची चोरून आणलेली बायको आहे का?

सईदाले इचारलं. तिनं मशीन थांबवली. "खाला, आप ये खेल बंद करो. इनके यहाँ कायदा है, वॉचमन अपने घरवालों को गेट पे नहीं रख सकता. उसकी रोजी का सवाल है."

मी म्हटलं, "कोण ठेवते? मी आपल्या पायानं येते."

"ये आप जानती हो, मैं जानती हूँ."

सईदा शिवण चांगलं करते, पण भेदरट आहे. किशोरभाऊ मी कोण हे न इचारता जाता-येता मले हात जोडते. परवा मी त्याले खोकल्याले अडुळसा सांगतला होता. असा माणूस कोणाले काढते का?

१२ फेब्रुवारी

पौर्णिमा आज उशिरा आली. म्हणे दुकानात गेली होती, पण हातात पिशवी नव्हती. मी साडेचारलेच वर येऊन बसली होती, तिले काही समजलं नसंल. चपला दारात काढता काढता मले म्हणे, "आई, खाली ऊन लागते हो आता. टोपी... म्हणजे पदर घेत जा डोक्यावर."

मी म्हटलं, "मी कोठी जाते उन्हात?"

"नाही, सहज."

बिनकामाचं बोलते कधीमधी.

१६ फेब्रुवारी, रविवार

नित्या घरी होता म्हणून खाली गेली नाही. नातू पुण्याले शिकाले आहे, त्याचा फोन आला. "आजी, काय चाललं?" मी म्हटलं, "काही नाही." एवढंच बोलता येते त्याच्यासंगं. खरं सांगाले गेली असती त फोनले दोन दिवस लागले असते. सोनटक्केबाईच्या सासूचे गुडघे, नांदेडवालीचं ढवळणं, संत्र्यावाल्याची दुसरी बायको. एवढी बातमी असून काही नाही म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सोसायटीची मिटिंग होती, सकाळी पार्किंगमधी. नित्या पहिल्यांदाच गेला. पाण्याच्या टाकीचं काही होतं म्हणे. जेवाले बसलो तवा सांगाले लागला.

"खाली तो देवमन आहे ना, वॉचमन? त्यानं आपल्या बुढ्या मायले आणून गेटवर बसवलं. दिवसभर तुटक्या खुर्चीवर बसून राहते म्हणे. लोक जुनं पातळ देतात, उरलंसुरलं देतात, आन ती घेते. तिसऱ्या माळ्यावरच्या एका बाईनं दया येऊन किशोरभाऊले म्हटलं, मीटरची खोली तरी द्या बिचारीले. तिथंच फुटलं सगळं. वॉचमनले घरचं माणूस ठेवता येत नाही. त्याले इचारलं त म्हणते, ती माही मायच नाही! मंग कोणाची, म्हटलं, त तोंड बंद. सख्ख्या मायले नाकारते, पाह्य."

मी इचारलं, "मंग?"

"मंग काय, काढला. महिन्याच्या आखरीपर्यंत आहे. मीही हात वर केला. जो आपल्या मायले नीट ठेवत नाही तो आपलं गेट काय सांभाळंल?"

माह्या अंगावर तेच निळं पातळ होतं. नित्याच्या समोर बसून मी भात कालवत होती. त्यानं ओळखलं नाही. तो कधी पाहतच नाही कोण काय नेसलं ते, बापावर गेला. पौर्णिमेची पोळी तव्यावर जळाली. धूर झाला तरी तिनं उलथली नाही.

जेवण उतरलं नाही असं नाही, उतरलं. बडीशोप मात्र पदराच्या गाठीत बांधली.

२४ फेब्रुवारी

देवमनले धरलं. "तुले तोंड नाही का? सांगाव नव्हतं का, नितेश गावंड्याची माय आहे म्हणून?"

त्यानं गेटची कडी उगीच पुसली. "कसं सांगू काकी? साहेब तिथंच खुर्चीवर बसले होते. सगळ्यांसमोर त्याईची इज्जत गेली असती. आन तुमालेही खाली येऊ देलं नसतं."

"तुही इज्जत गेली ते?"

"माही काय इज्जत," तो म्हणे. मंग म्हणे, "फक्त एक लागलं. माही माय तिकडे खोलीत खाटेवर आहे. सकाळी मीच तिले धुतो-पुसतो आन मंग ड्युटीवर येतो. आन इथं सारे म्हणतात, हा आपल्या मायले ओळखत नाही."

मले हे माहीत नव्हतं. कधी इचारलंच नाही मी. त्याची भाकर खाल्ली, गुंडी लावली, सारी बिल्डिंग कोण काय खाते ते मले पाठ. पण त्याची माय कशी आहे हे इचारलं नाही. मीच त्याची माय होऊन बसली होती ना.

सोनटक्केबाई आली. डोळे लाल. "मावशी, मी चांगल्यासाठी बोलले हो. असं होईल वाटलं नव्हतं." तिले सांगाव असं ओठावर आलं. पण सांगतलं का ती उठून जाईल हे देसत होतं. नाही सांगतलं. आज एक दिवस अजून बसू देली तिले. खोटं कशाले लिहू, मले ती पाहिजे होती.

२६ फेब्रुवारी

नित्याले सांगतलं. सकाळी तो दाढी करत होता. आरशातूनच सांगतलं, समोरून नाही.

"ती बुढी मी आहे."

"कोणती बुढी?"

"गेटवरची. देवमनची माय."

त्याचा हात थांबला. गालावर साबण तसाच. मले वाटलं चिल्लावंल. नाही चिल्लावला. पहिलं काय इचारलं त, "कोणाकोणाले माहीत आहे?"

"सईदाले. देवमनले."

तो टॉवेल घेऊन पलंगावर बसला. गालावरचा साबण पुसला. मंग कंपनीत बोलतात तसा बोलाले लागला. "पाह्य माय, एक करतो. देवमनले मी अकोल्याले लावून देतो. औषधाच्या गोदामात माही ओळख आहे, पगारही चांगला. त्याचं नुसकान नाही. तू खाली जाणं बंद कर. थोड्या दिवसांनी सारे विसरतात. विषय बंद."

चांगलं बोलला. चूक काढाले जागा नव्हती. मी हाव म्हटलं आन तो कामाले गेल्यावर खाली गेली.

देवमनले अकोल्याच्या नोकरीचं सांगतलं, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मंग म्हणे, "काकी, पोरगी दहावीत आहे. बायकोचे धुण्याभांड्याचे घरं इथंच. बुढी खाटेवर. मी एकटा अकोल्याले जाऊन राहू? तिथं मले कोण ओळखते? दिवसभर गोदामात, रात्री खोलीत. तुमीच सांगा, माणूस अशानं येडा नाही होणार?"

मलेच इचारते. जगात मीच भेटली याले इचाराले.

२७ फेब्रुवारी

काही केलं नाही. इचार केला.

सांगतलं त नित्याचं तोंड उतरते. त्या बायाही जातात. साहेबाच्या आईपाशी कोण स्टूल ओढून बसते? नाही सांगतलं त देवमन जाते, आन मायले नाकारलं हे नाव घेऊन जाते. तिसरी वाट म्हणजे मी गावी जाव. पण मी गेली तरी देवमनचं नाव काळंच राहते.

मालक असते त म्हणले असते, तुले बोलाले सोबत लागते म्हणून हे झालं. खरं आहे. ते स्वतः कधी बोलत नव्हते, म्हणून मलेच दोघांचं बोलाव लागत होतं.

२८ फेब्रुवारी

नित्याचा डबा मी ओट्यावरून उचलला आन त्याच्याआधी खाली जाऊन खुर्चीवर बसली. तो घरी असताना मी कधी खाली गेली नव्हती. निळं पातळ नेसली.

सकाळची वेळ, सारे निघाचे. किशोरभाऊ गाडीले किक मारून राहिला होता. सोनटक्केबाई पोराले शाळेच्या ऑटोत बसवत होती. एजन्सीचा नवा वॉचमन उद्यापासून येणार म्हणून पाहाले आला होता, नव्या शर्टाची घडी मोडली नव्हती. देवमन त्याले पंपाचं बटन दाखवत होता.

नित्याची कार आली. मी गेटच्या मधात उभी राहिली.

"ए नित्या! डबा घे तुहा."

त्यानं काच खाली केली. तोंड पांढरं. सारे आमच्याकडे पाहत होते. मले आता बोलून मोकळं व्हाचं होतं.

"किशोरभाऊ, हा माहा पोट्टा. चारशे दोनचा. देवमन माहा कोणी लागत नाही. देवमनची माय त्याच्या घरी खाटेवर आहे, तो तिले रोज धुते-पुसते. गेटवर बसते ती नित्याची माय."

किशोरभाऊची गाडी बंद पडली. सोनटक्केबाईनं माह्या पातळाकडे पाहिलं आन मान खाली घातली. सईदानं मशीन थांबवली होती, तिचा धागा तसाच लोंबत होता.

मले वाटलं नित्या गाडी तशीच काढंल. तो उतरला. डबा घेतला. देवमनकडे पाहिलं. नुसते हात जोडले. मंग गाडीत बसला आन गेला.

शेवटचं वाक्य बोलाचं नव्हतं मले. पहिलं पुरे होतं. पण तोंडाले लगाम नाही, हे लहानपणापासून सारे सांगत आले.

२ मार्च, रविवार

देवमन राहिला. किशोरभाऊनं एजन्सीले फोन केला, नवा पोट्टा दुसऱ्या बिल्डिंगीत गेला. देवमनले कोणीतरी मिठाई देली. आज गेटवर सारे त्याच्या मायची तब्येत इचारतात.

मले हात जोडतात. "नमस्कार आजी." दुरूनच. सोनटक्केबाई लिफ्टनं पार्किंगमधी उतरते आन मागच्या गेटनं जाते. तिनं ताटभर पुरणपोळ्या वर पाठवल्या, ताज्या, तूप घालून. मले वांग्याची कालची भाजी आवडली होती.

नित्या तीन दिवसांत बोलला ते एवढंच, "गोळी घेतली का?"

४ मार्च

पौर्णिमा कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "हे निळं पातळ तिले परत करू का?"

"काहून? ठेवा. तुमाले शोभते." मंग चिमटा तोंडात धरून म्हणे, "आई, मले माहीत होतं. मी एक दिवस लवकर आली होती. रस्त्याच्या त्या बाजूनं पाहिलं तुमाले."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी हासत होत्या. मोठ्यानं. मी परत फिरली आन चौकात जाऊन उभी राहिली."

मी म्हटलं, "घरी काय पाहून हासू? टीव्ही?"

ती आता हासली. चिमटा खाली पडला, चौथ्या माळ्यावरून, कोणाच्या तरी गाडीवर. दोघीही वाकून पाहत राहिलो. गाडी किशोरभाऊची होती. आमी पटकन आत आलो.

मिठाचं सांगाव का आता तिले? बरं देसते वातावरण.

९ मार्च, रविवार

डायरी आज खालीच आणली. वर चैन पडत नाही. इथंही कोणी बसत नाही, पण रस्ता तरी देसते.

देवमन जेवाले गेला होता. जिन्यातून चपलेचा आवाज आला. नित्या. घरातलेच कपडे, हातात मोबाइल. माह्यापाशी उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आन सईदाच्या दुकानातलं स्टूल ओढून बसला. मले वाटलं वर चाल म्हणाले आला. मी खुर्चीचे हात धरून ठेवले.

आमी दोघांनी रस्ता पाहिला. मंग म्हणे, "ऊन लागते इथं."

"पदर घेते मी."

"हं."

तेवढ्यात पार्सलवाला गाडीवरून उतरला. नित्याच्या अंगावर बंडी, पायात चप्पल, बसला स्टुलावर. पार्सलवाल्यानं डबा त्याच्या हातात कोंबला. "ओ वॉचमन, हे तीनशे एकचं. देऊन टाका, मले घाई आहे." आन गेलाही.

नित्यानं माह्याकडे पाहिलं. मी संत्र्याच्या गाडीकडे पाहिलं. हासू आलं त ते पदरात घेतलं. त्यानं डब्यावरचं नाव वाचलं.

"सोनटक्के कोण?"

"एवढे वर्सं राहून राहिला आन सोनटक्के कोण? तिसरा माळा. पोरगा गणितात कच्चा आहे, सासूचे गुडघे दुखतात. गुडघ्याचं औषध सांग तिले, तुहं कामच आहे. आन पार्सल हातात दे, दारात ठेवू नोको."

"मी जाऊ?"

"मंग मी जाऊ का जिना चढून?"

गेला. लिफ्टचं बटन दाबलं, लिफ्ट आली नाही, जिन्यानं गेला. वरून घंटी ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा अजून आला नाही. चहाले बसवलं असंल. त्याले साखर कमी लागते, हे मी सोनटक्केबाईले कधी सांगतलं नव्हतं. त्यानं आपल्या तोंडानं सांगाव.

देवमन अजून जेवून आला नाही. एक ऑटोवाला मघापासून हॉर्न वाजवून राहिला. उठते, गेट उघडते.